आवक क्रमांक सहाशे सतरा

आमच्या ऑफिसात ई-मेल आला त्या दिवशी सचिव रामप्रसादभाऊंनी कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला आणि नारळ घेऊन ते टेलिफोनच्या डबीवर फोडायला निघाले. आमचा शिपाई म्हाळू शहाणा. त्यानं वेळेवर त्यांचा हात धरला आणि नारळ खिडकीच्या कठड्यावर फोडायला लावला. मग माझ्या हातावर पेढा ठेवून भाऊ म्हणाले, "वत्सलाबाई, कागदाचा जमाना संपला बघा. आता तुमच्या ह्या बस्त्यांची काही गरज न्हाई."

पेढा तोंडात होता म्हणून मी बोलले नाही. पण तो मला गोड लागला नाही.

हे बस्ते म्हणजे काय ते सांगते. धारूरच्या आमच्या संस्थेच्या सात शाळा आणि एक वसतिगृह. त्यांचा बावीस वर्षांचा सगळा कागद लाल कापडात बांधून, गाठ मारून, चिठ्ठी लावून मांडणीवर ठेवलेला. ते काम माझं. मी नववी पास. पुढचं शिक्षण रेकॉर्डच्या खोलीत, दुसऱ्यांची पत्रं वाचून झालं. पण मागाल तो कागद पाच मिनिटांत काढून देते, अशी माझी ख्याती अंबाजोगाईपर्यंत होती. संस्थेचं नाव सांगत नाही. भाऊ अजून हयात आहेत आणि ते वाचतात.

आता ह्या ई-मेलचं करायचं काय, हे वरून कुणीच कळवलं नव्हतं. एवढंच परिपत्रक आलं होतं, की यापुढे आदेश ई-मेलनेच निघतील, टपालाने प्रत मिळणार नाही. मी भाऊंना विचारलं, "हे ठेवायचं कसं?"

"टपालच हाय ते. टपालासारखं ठेवा."

झालं. माझ्या दृष्टीनं तो लेखी आदेशच. मी टपालासारखं करायला लागले. मेल आला की छापायचा, उजव्या कोपऱ्यात लाल शाईनं आवक क्रमांक घालायचा, रजिस्टरात चढवायचा, भाऊंपुढे शेऱ्यासाठी ठेवायचा आणि मशिनीतून पुसून टाकायचा. पत्र काढून घेतल्यावर टपालपेटीत काही उरतं का? मग ह्या पेटीत कशाला उरायला पाहिजे? माझी पेटी रोज संध्याकाळी पाच वाजता स्वच्छ असायची. मला त्याचा अभिमान होता, हेही कबूल करते.

पहिली अडचण पोच देण्याची. टपाल मिळालं की पोच द्यायची हा नियम. मी मुख्याध्यापकांना मेलनं पोच पाठवली. ते बिचारे नियमानं चालणारे, त्यांनी पोच मिळाल्याचं कळवलं. ते पत्र आवकला आलं म्हणून मी त्याचीही पोच दिली. आसरडोहच्या मुख्याध्यापकांचं आणि माझं हे दिवाळीपर्यंत चाललं. दोघांपैकी कुणी थांबावं, हे कुठल्याच नियमात नव्हतं. शेवटी त्यांच्याकडची लाईट गेली. कागदाचा जमाना संपला म्हणता म्हणता मी कागदाचं तिसरं रीम फोडलं होतं.

आणि अशात तो श्रीफळाचा मेल आला.

कुणाच्या तरी पुतण्यानं पाठवलेला. वर नारळाचं चित्र आणि खाली मजकूर, की हा संदेश अकरा जणांना पाठवा, आठ दिवसांत शुभ घडेल, न पाठवल्यास अनिष्ट. मी त्याला क्रमांक दिला आणि भाऊंपुढे ठेवला. भाऊ गेली कित्येक वर्षं प्रत्येक कागदावर न वाचता एकच शेरा मारतात: 'नियमानुसार तातडीने कार्यवाही करावी.' तोच त्यांनी मारला.

आता सांगा, मी काय करायचं होतं? कार्यवाही केली. शाळा सात, माणसं पाहिजेत अकरा. आम्हाला आदेश धाडणाऱ्या वरच्या ऑफिसातल्या चार शाखा घालून मी आकडा पुरा केला. जावक क्रमांक घातला, खाली 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' लिहिलं. मुख्याध्यापकांनी तो आदेश समजला. ज्यांच्याकडे मशीन नव्हती ते बाजारच्या दिवशी बीडला जाऊन इंटरनेटच्या दुकानातून अकरा-अकरा ठिकाणी पाठवून आले. त्यांनी माझ्याकडे अनुपालन अहवालही पाठवले, नारळाच्या चित्रासकट. वरच्या ऑफिसातल्या चार शाखांनी काय केलं ते तेव्हा कळलं नाही. ते पुढे कळलं आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

आठ दिवसांत जे शुभ घडायचं होतं ते असं घडलं, की आमची पेटी गच्च भरली. सकाळी रिकामी करावी तर दुपारी पुन्हा गच्च. त्या काळी त्या फुकटच्या पेटीत जागा ती किती! मी शेजारी दानम्मांकडे कढी मागायला गेले असता हे सहज बोलले, तर त्यांचे यजमान बसप्पा, बाजारपेठेतले किराणा दुकानदार, ओसरीवर दुकानाचा तराजू पुशीत होते, ते मान वर न करता म्हणाले, "बाई, पेटी ल्हान पडत असंल तर मोठी घ्या की. कामून जीवाला त्रास करून घेता?"

ह्या धुमश्चक्रीत, चौदा डिसेंबरला, आवक क्रमांक सहाशे सतरा आला.

तो छापून निघाला आणि मी चष्मा पुसला. पानभर नुसती इंग्रजी अक्षरं, पण इंग्रजी नव्हे. मधेच डॉलर, मधेच प्रश्नचिन्ह, उभ्या रेघा, टिंबं. वरती तारीख आणि पाठवणाऱ्याचं एक लांबलचक नाव, तेही अर्धं आकड्यांचं. मी तो कागद आमच्या हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांना दाखवला. त्यांनी दूर धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "इंग्रजीच आहे बाई. पण जुनं इंग्रजी आहे."

सही नाही. शिक्का नाही. वाचता येत नाही. मी माझ्या सुंदर अक्षरात रजिस्टरात लिहिलं: 'मजकूर अवाच्य. सही-शिक्का नाही. वर्ग ड.'

रेकॉर्डमध्ये अ, ब, क, ड असे चार वर्ग असतात. अ म्हणजे कायम जपायचा. ड म्हणजे वर्ष सरताच नाश करायचा. जानेवारीत मी ड वर्गाचा ढीग बाहेर काढला. सगळे नारळ, सगळ्या पोचांच्या पोचा, आणि सहाशे सतरा. नियमानं तो जाळायचा. पण कागद एका बाजूनं स्वच्छ कोरा, गुळगुळीत! पाठकोरा कागद जाळायला माझा हात धजेना. घरी नेला आणि गल्लीत वाटून टाकला. लेकरांना गणितं करायला, बायांना ब्लाऊजचं माप काढायला. गल्लीनं मला दुवा दिला. भाऊंनी शेरा मारला: 'नियमानुसार तातडीने कार्यवाही करावी.'

आता छबुबाईबद्दल सांगायला पाहिजे. खरं तर ही गोष्ट तिचीच आहे.

छबुबाई आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. दसऱ्यानंतर शिरूर कासार, वडवणीकडची माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्यांवर जातात, तेव्हा त्यांची लेकरं आमच्याकडे राहतात. छबुबाईला कुणाला भाकरी करपलेली आवडते, कोण आईच्या आठवणीनं जेवत नाही, सगळं पाठ. पण ती हंगामी. दसऱ्याला घ्यायची, उन्हाळ्यात काढायची, असं सोळा वर्षं. तिला कायम करावं असा प्रस्ताव आम्ही सोळा वर्षांत पाच वेळा पाठवला. त्याचा बस्ता चांगला जाड होता.

दर गुरुवारी, बाजारच्या दिवशी, ती दारात उभी राहायची. पदराआडून चटणीची पुडी काढून टेबलावर ठेवायची आणि विचारायची, "बाई, माझा कागूद आला का?"

मी रजिस्टर उघडून, बोट फिरवून सांगायची, "नाही गं अजून."

"बरं. बगा तुमी. तुमच्या हातातून कागूद जाणार न्हाई, हे मला ठावं हाय."

मार्चच्या चोवीस तारखेला टपालानं, चक्क टपालानं, वरच्या ऑफिसचं पत्र आलं. एकोणतीस तारखेला तपासणी. आणि त्यात परिच्छेद तीन: 'आमच्या दिनांक १४ डिसेंबरच्या ई-मेलान्वये मंजूर केलेल्या स्वयंपाकीण पदाच्या आदेशाची प्रत तपासणीचे वेळी दाखवावी. न दाखविल्यास सदर पद ३१ मार्च रोजी व्यपगत समजण्यात येईल.'

व्यपगत म्हणजे गेलं, संपलं. मी तो परिच्छेद उभ्यानं वाचला. मग खुर्चीवर बसून वाचला. मग रजिस्टर उघडलं. चौदा डिसेंबरला एकच मेल आला होता. समोर माझं सुंदर अक्षर होतं. हस्ताक्षर थोडं वाईट असतं तर म्हाळूवर ढकलता तरी आलं असतं.

भाऊंनी वरच्या ऑफिसला फोन लावला. "तोच मेल पुन्हा पाठवा" म्हटलं. तिकडचा माणूस म्हणाला, "आमच्याकडे प्रत नाही. जागा नव्हती म्हणून पुसली. तुमच्याकडे गेलेली आहे ना, मग ठेवायची तुम्ही." भाऊ म्हणाले, "मग नवीन आदेश काढा." तो म्हणाला, "काढणारे साहेब निवृत्त झाले. आणि एप्रिलपासून नवीन पदं बंद. खर्चकपात आहे. जुना आदेश असेल तर दाखवा."

म्हणजे त्यांनी पुसली होती आम्ही ठेवू म्हणून, आणि मी पुसली होती मशिनीत काही ठेवायचं नसतं म्हणून. कागद जगात एकच होता, आणि तो मी वाटून टाकला होता.

त्या संध्याकाळी मी गल्लीत घरोघर फिरले. बावीस वर्षं लोक माझ्याकडे कागद मागत आले. आता मी दारोदार. "लाल शाईचा सहाशे सतरा बघा बाई." एकीकडे सहाशे नऊवर ब्लाऊजची पाठ कापलेली. दुसरीकडे सहाशे बारावर पावकीचा पाढा, तोही चुकलेला. मी तो तिथेच दुरुस्त केला, सवय. सहाशे सोळा दानम्मांच्या लोणच्याच्या बरणीखाली सापडला, आंबट झालेला.

"आणि सतरा?" मी विचारलं.

दानम्मा बरणी पुसता पुसता थांबल्या. "बाई, त्यातले दोन कागद याद्याला दिलते की तुमी. तुमच्याच हातानं."

मग मला आठवलं. फेब्रुवारीत दानम्मांच्या लेकीच्या, अपेक्षाच्या, लग्नाच्या याद्या झाल्या. याद्या म्हणजे दोन्हीकडची माणसं बसून कुणी काय करायचं ते लिहून काढतात, वाजंत्री कुणी आणायची, वऱ्हाड किती, आहेर काय. दोन प्रती करतात, कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात, देवापुढे ठेवतात आणि एकेक दोघांना. त्या दिवशी बसप्पांनी आणलेल्या भारी कागदावर कुणीतरी तांब्या लवंडवला. मुहूर्त टळत आला तशी मी धावत घरी गेले आणि स्वच्छ दिसले ते दोन कागद आणून दिले. कोरी बाजू वर. सगळे म्हणाले, काय गुळगुळीत कागद आहे.

दानम्मांच्या देवघरातली प्रत उलटून पाहिली. सहाशे अठरा. म्हणजे सतरा बीडला, नवऱ्यामुलाच्या वडिलांकडे, सिद्धारामअप्पांकडे.

"मागून आणू," मी म्हणाले.

दानम्मा मटकन खाली बसल्या. "खुळ्या झाल्या का बाई! आमच्यात याद्या परत मागितल्या म्हंजे लगीन मोडलं! आन् रद्दीवर याद्या लिवल्या हे सिद्धारामअप्पांना कळलं तर? तोंड दावायला जागा राहील का मला?"

"आणि छबुबाई?"

छबुबाईचं नाव काढलं तसा त्यांनी पदर सावरला. अपेक्षाच्या बारशाला त्याच बाईनं दोनशे माणसाचा स्वयंपाक केला होता. मग म्हणाल्या, "चला. पर बोलणार तुमी. मी नुसती रडणार."

सिद्धारामअप्पांचं बीडला भांड्यांचं दुकान. घर दुकानाच्या वर. अठ्ठावीस तारखेला आम्ही दोन तास एसटीत बसून पोचलो, तर अप्पा नुकतेच कपिलधारहून दर्शन घेऊन आलेले, कपाळावर भस्माचे पट्टे ताजे. पाणी आलं, पोहे आले. मी पोह्यांवरचं लिंबू पिळत म्हटलं, "अप्पा, तो याद्यांचा कागद जरा..."

अप्पांचा हात बशीतच थांबला. "याद्या?"

ठरल्याप्रमाणे दानम्मा रडायला लागल्या. त्यानं काम जास्तच बिघडलं.

"विहीणबाई, काय झालं? पोरीला काय दुखलं-खुपलं? का आमच्या पोरात काय दिसलं तुमाला? तोंडावर सांगा!"

"नाही हो अप्पा, परत नको आहे. फक्त पाठ बघायची होती."

"याद्याची पाठ!" अप्पा एकदम खुलले. "अवो, ती तर मीच दावणार होतो तुमाला! काय हुशार माणसं तुमी! याद्या म्हंजे याद्या, आन् मागं पोरीची पत्रिका! ती बी कॉम्प्युटरवर काढलेली!"

मी दानम्मांकडे पाहिलं. दानम्मांनी रडणं थांबवलं.

"अख्ख्या पेठेत कुणाच्या सुनेची कॉम्प्युटरची पत्रिका न्हाई," अप्पा सांगत होते. "मठातल्या स्वामींना दावली. त्यांनी दोनदा वाचली. म्हणाले, लई उत्तम ग्रह हायत, पोरगी घरात आली की भरभराट. कपिलधारला बी समाधीपुढं ठेवून आणली आज."

त्या डॉलर आणि प्रश्नचिन्हांतून स्वामींनी ग्रह काढले ह्याचं मला खरंच कौतुक वाटलं. इंग्रजीच्या सरांपेक्षा ते पुढे गेले होते.

दानम्मांनी पदराखालून मला चिमटा काढला. मी म्हणाले, "अप्पा, ते आमच्या ऑफिसच्या मशिनीतून निघालेलं आहे. मशिनीवर एकदा ताडून पाहायचं आहे. उद्याच." ह्यात एक अक्षर खोटं नाही. तुम्ही पुन्हा वाचून बघा.

अप्पांनी विचार केला. "ताडून बगा की. पर याद्या हातातून सोडणार न्हाई. जिथं याद्या तिथं मी."

असे दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता सिद्धारामअप्पा फेटा बांधून, कागद खिशात आणि खिशावर हात, आमच्या ऑफिसात येऊन बसले. त्यांच्या शेजारी बसप्पा आणि दानम्मा, चेहऱ्याचा रंग पळालेला. दारात छबुबाई. आणि माझ्या टेबलासमोर तपासणीस साहेब, वरून आलेले, बारीक अंगाचे, थकलेले, आमच्या चहात साखर किती ह्याचीही नोंद घेतील असे.

साहेब म्हणाले, "आदेश?"

मी अप्पांना म्हणाले, "कागद दाखवा." अप्पांनी दुरून दाखवला. साहेबांनी मान वाकडी करून पाठ पाहिली आणि उसासा टाकला.

"हा आमचाच. अक्षरांचा साचा, फॉन्ट म्हणतात तो, वेगळा पडतो हो. आमच्या मशिनीत मराठी दिसतं, तुमच्यात हे असं. प्रत्येक तालुक्याला हीच बोंब." त्यांनी बॅगेतून एक फ्लॉपी काढली. "ह्यात साचा आहे. हीच अक्षरं जशीच्या तशी टाईप करा, मराठी उमटेल. आमच्याकडे मूळ असतं तर हा खटाटोपच नव्हता. पण डिसेंबरात कुठूनसा एक नारळाचा मेल आला. चार शाखांनी एकमेकींना अकरा-अकरा वेळा पाठवला. सगळ्या पेट्या तुंबल्या. होतं नव्हतं ते पुसावं लागलं. कोण मूर्ख..."

मी पंख्याकडे पाहत होते. पंख्यावर बरीच धूळ होती. म्हाळू खोकला.

टाईप करायला मी बसले. मशीन चालवायला मी सहा महिन्यांत एका बोटानं शिकले होते; आता दोन बोटं चालत होती. कागद अप्पांच्या हातात, म्हणून वाचणार अप्पा; त्यांची समजूत अजून हीच, की पत्रिका मराठीत उमटणार. त्यांना इंग्रजी अक्षरं घाऊक बिलांवरची येत होती. त्यांनी स्तोत्र म्हणावं तसा सूर लावला.

"मोठा एफ. ल्हान के. डॉलर. उभी रेघ. दोन टिंबं."

पडद्यावर उमटलं: विषय.

ऑफिसात कुणीतरी श्वास सोडला. बावीस वर्षं हा शब्द पाहत आले, पण इतका गोड कधी दिसला नव्हता. अप्पा वाचत राहिले, मी ठोकत राहिले. 'संदर्भ' आला. 'वसतिगृह' आलं. तिसऱ्या ओळीत 'स्वयंपा' एवढं उमटलं आणि अप्पांचं लक्ष पडद्याकडे गेलं.

"ह्यात स्वयंपाक कुठून आला? ग्रह कुठं हायत?"

दानम्मांनी डोळे मिटले. बसप्पा खिडकीबाहेर काहीतरी शोधायला लागले. आता बोलायची पाळी माझी होती, आणि नेमकी समोर छबुबाई उभी होती, जिला ठाऊक होतं, की माझ्या हातातून कागद जाणार नाही.

मी खुर्चीवरून उठले. "अप्पा, ही पत्रिका नाही. हा ह्या बाईंना नोकरीत कायम करण्याचा आदेश आहे. मला तो वाचता आला नाही. मी तो रद्दीत काढला आणि रद्दी गल्लीत वाटली. याद्यांना कागद मी दिला. दानम्मांना मागचं काही माहीत नव्हतं. साहेब, तुम्हीही लिहून घ्या. आणि तो नारळही माझाच."

भाऊंनी सवयीनं पेन काढलं होतं, ते परत खिशात ठेवलं. मी छबुबाईकडे पाहायचं टाळत होते. दर गुरुवारी तीन महिने ही बाई चटणी ठेवून गेली आणि मी तिला 'नाही गं' म्हणत राहिले.

अप्पांनी कागद उलटसुलट केला. पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली. मग छबुबाईला विचारलं, "किती वर्सं स्वयंपाक करता, बाई?"

"सोळा झाली जी."

"किती लेकरं?"

"औंदा नव्वद हायत."

"नव्वद लेकरांना जेवाय घालणारीचा कागूद," अप्पा म्हणाले, "आन् स्वामी म्हणले भरभराट हाय. चुकले कुठं मग?" आणि दानम्मांकडे वळून, "विहीणबाई, डोळे उघडा. देवापुढं बसून लिवलंय ते मोडत न्हाई. पर त्या मठात हे सांगू नका. बाई, बसा. ल्हान जे, उभी रेघ..."

मी बसले. अक्षरं मला नीट दिसत नव्हती, पण बोटं चालत होती.

आदेश पुरा झाला. साहेबांनी पडदा आणि कागद अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. मग पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "मजकूर जुळतो. पण ई-मेलला सही नसते हो. ही प्रत खरी म्हणून मी कशाच्या आधारावर लिहू? निदान कुणा जबाबदार माणसाची तरी..."

"सही पायजे?" अप्पांनी कागद उलटा केला. "घ्या. ही माझी. ही बसप्पांची. ही नगरसेवकाची. ही पेठेतल्या दोघांची. हे हळदकुंकू. आणखी काय पायजे?"

साहेबांनी याद्या वाचल्या. वाजंत्री, वऱ्हाड, आहेर, खाली पाच सह्या, चारी कोपरे पिवळे-लाल. तो थकलेला माणूस पहिल्यांदा हसला. हसल्यावर चांगला दिसत होता. त्यानं तपासणी वहीत लिहिलं: 'मूळ प्रत पाहिली. मागील बाजू पाच प्रतिष्ठित व्यक्तींनी साक्षांकित केलेली आहे. पद कायम. अभिलेखाचा वर्ग अ.' नारळाबद्दल त्यानं काहीच लिहिलं नाही. उठताना फक्त म्हणाला, "बाई, पोच पाठवू नका."

राहिला प्रश्न कागद ठेवायचा. अ वर्गाची मूळ प्रत बस्त्यात पाहिजे. अप्पा म्हणाले, लग्नाआधीही देणार नाही आणि लग्नानंतरही. तेव्हा मी लाल कापडात एक चिठ्ठी बांधली: 'आवक क्रमांक ६१७, मूळ प्रत सिद्धारामअप्पा यांचे देवघर, बीड.' अजूनही दर तपासणीला नवीन साहेब ती चिठ्ठी वाचून माझ्याकडे बघतात. मी त्यांना बीडला नेते. अपेक्षा चहा करते, मग हात धुऊन देव्हाऱ्यातून कागद काढते. सापडायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

पण हे नंतरचं. त्या दिवशी अप्पा कागदाची घडी घालायला लागले, तेव्हा इतका वेळ दारात उभी असलेली छबुबाई पुढे आली. तिनं पदराला हात पुसले.

"बाई, ह्यात माझं नाव कुठं हाय?"

मी पडद्यावरचं दाखवायला लागले. "ते न्हाई," ती म्हणाली. "कागदावरचं."

अप्पांनी कागद पसरला. एक कोपरा मात्र हातात घट्ट धरून ठेवला. मी पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. मोठा एन, एक डॉलर, दोन प्रश्नचिन्हं, रेघा, टिंबं. छबुबाईनं त्यावरून तव्याची आच बघतात तसं बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.

"लई अवघड हाय वं बाई माझं नाव," ती म्हणाली. "म्हणूनच सायबलोकांना वाचाया सोळा वर्सं लागली."

मग तिनं पदराआडून पुडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. गुरुवार होता.